भिंतीवरची सही

कर्जासाठी तारण म्हणून ठेवलेली वास्तू प्रत्यक्ष पाहून येणे, हा माझ्या बँकेतल्या नोकरीचा एक भाग होता. माझे पहिले साहेब बजावत असत, ‘‘भिंतीला ताजा रंग दिसला, की जवळ जा आणि बोटाने टकटक करून बघ.’’ रंगाखाली कधी ओल असायची, कधी भेग. नोकरी संपली, पण खोड गेली नाही. त्यामुळे ठाण्यात फिरताना चित्रांनी नटलेली भिंत दिसली, की मी आधी खूश होतो आणि मग हळूच टकटक करतो.

माझ्या तरुणपणी टेंभी नाक्यावरून जांभळी नाक्याकडे निघाले, की भिंती वाचत वाचत स्टेशन कधी यायचे ते कळत नसे. निवडणुकीच्या निशाण्या, मूळव्याधीचे खात्रीचे इलाज, सर्कशीच्या जाहिराती. आणि कोपऱ्यात, लिहिणाऱ्याला न जुमानता रोज भिजणारी ती प्रसिद्ध सूचना! निवडणुकीच्या आधी भिंतीला चुना फासून ती ‘राखीव’ केली जाई. पुढे 1990 ते 1996 या काळात शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते, त्यांनी या रंगकामाला चाप लावला. 1995 मध्ये मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्याचा कायदा आला. भिंती गप्प झाल्या. पण त्यांच्यापुढे फ्लेक्स उभे राहिले आणि वाढदिवसांना ऊत आला.

या फ्लेक्सने एक माणूस गिळला. आमच्या शाखेत एक पेंटर खातेदार होता. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे फलक, ट्रकच्या पाठी रंगवायचा. त्याच्या ‘ळ’ला असे काही वळण होते, की नुसत्या अक्षरावरून मी त्याची पाटी ओळखत असे. फ्लेक्सचा जमाना येताना तो कर्ज मागायला आला. छपाईचे यंत्र घ्यायचे होते. ‘‘तारण काय?’’ मी विचारले. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि हसला. मीही हसलो, आणि कागदावर ‘तारण अपुरे’ असा शेरा मारला. काही वर्षांनी तो एका सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला दिसला. समोर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही होती. तिच्या पुठ्ठ्यावरच्या अक्षराचे वळण मात्र त्याचेच होते. तो शेरा नियमाला धरून होता. पण आजही तो माझ्या खाती नावेच पडलेला आहे.

आता भिंती पुन्हा बोलू लागल्या आहेत. मुंबईत 2009 मध्ये तुळशी पाइप रोडच्या रेल्वेच्या भिंतीवर शेकडो हौशी मंडळींनी चित्रे काढली. 2014 मध्ये वांद्र्याला टेलिफोनच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी रंगवलेले भव्य दादासाहेब फाळके अवतरले. 2017 मध्ये ससून गोदीच्या मासळीच्या वासात चित्रांचे प्रदर्शन भरले. आमच्या ठाण्यात 2022 च्या अखेरीस ‘बदलते ठाणे’ अभियान आले आणि भिंतींवर रंग चढला.

‘आधी खड्डे बुजवा, मग चित्रे काढा,’ असे म्हणणारे माझे पुष्कळ मित्र आहेत. मला हा वाद खोटा वाटतो. घरात दाण्यागोट्याची चिंता असली, म्हणून आईने दारात रांगोळी काढू नये काय? ज्या कोपऱ्यावरून नाक दाबून जावे लागे, तिथे एखादे पोर मोर बघत उभे राहते, ही किरकोळ गोष्ट नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. चित्र आहे, पण सही नाही.

उदाहरण वारली चित्रांचे घ्या. ही कला आपल्या शेजारची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा डहाणू तालुका 2014 मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. मूळ चित्र गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी सवाशिणी काढत. चौकात पालघट देवी बसे. तिथे सही नसे हे खरे. पण सहीची गरजही नव्हती. कोणी काढले ते अख्ख्या पाड्याला ठाऊक असे. शहरातल्या भिंतीवर तीच तारप्याची फेरी ठोकळेबाज होऊन येते. निविदेत चित्रही बहुधा चौरस फुटाने मोजले जाते. ठेकेदाराचे नाव कागदावर असते आणि काढणाऱ्याचे कुठेच नसते.

दुसरी गोष्ट, चित्र कोणासाठी? 2017 च्या अखेरीस घाटकोपरजवळची असल्फाची टेकडी रंगीबेरंगी झाली. मेट्रोतून फार देखणी दिसते. पण मेट्रोतला प्रवासी ती क्षणभर बघतो. आत राहणारा पाण्याची वेळ सांभाळत तिथेच जगतो. टेंभी नाक्याच्या आसपासही जुन्या इमारती आहेत. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्या यादीतल्या भिंतीवर फुलपाखरू काढण्यात काय शोभा?

खरे तर टेंभी नाक्याला कला शिकवायला नको. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या इथल्या नवरात्रोत्सवात मोठमोठ्या मंदिरांच्या प्रतिकृती उभ्या राहतात आणि उत्सव सरताच उतरतात. लाकूड, कापड, रंग यांतून देऊळ उभे करणारे हात याच महाराष्ट्रात आहेत. मग भिंत रंगवताना त्यांना का विचारू नये? भिंतीमागे राहणाऱ्यांना आधी विचारावे; चित्रकाराला योग्य मोबदला द्यावा; दोन पावसाळ्यांनंतर पोपडे निघाले तर डागडुजी कोणी करायची, ते आधीच ठरवावे; आणि कोपऱ्यात वीतभर जागा सहीसाठी सोडावी. एवढ्याला फार पैसे लागत नाहीत.

बँकेत सहीशिवाय कागद पुढे सरकत नसे, कारण सही म्हणजे जबाबदारी. चित्राखाली नाव आले, की काढणारा वर्षभराने ते बघायला येईल, पोपडा दिसला तर चिडेल, भांडेल. शहराला अशी भांडणारी माणसे हवी असतात. आमच्या त्या पेंटरला कोणी एखादी भिंत देऊ केली असती, तर कोपऱ्यातला तो ‘ळ’ मी आजही लांबूनच ओळखला असता आणि टकटक न करता पुढे गेलो असतो.