आपल्या कॅमेऱ्याने आपलाच उंबरठा पाहावा

आम्ही महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांत, चाळींत आणि बैठ्या घरांत राहणारी माणसं आहोत. आमच्यापैकी अनेकांच्या दारावर कॅमेरा आहे आणि तो काढून टाका असं आम्ही कुणालाही सांगत नाही. पार्किंगमधल्या गाडीची बॅटरी चोरीला जाते. डोंबिवलीत एकट्या राहणाऱ्या आईचं दार भरदुपारी कोण वाजवतंय, हे न्यू जर्सीतल्या मुलाला कळावंसं वाटतं. या गरजा खऱ्या आहेत. आमचं म्हणणं एवढंच आहे की कॅमेरा विकत घेणाऱ्याची मालकी कॅमेऱ्यापुरती असते, त्यात दिसणाऱ्या माणसावर ती चालत नाही. शेजाऱ्याच्या दारावर रोखलेला कॅमेरा असो, की शेजाऱ्याच्याच कॅमेऱ्यात इंटरनेटवरून गुपचूप शिरून केलेलं रेकॉर्डिंग असो, दोन्हींना आम्ही एकाच जातीचा अन्याय मानतो. दोन्हींत बघणाऱ्याला सगळं ठाऊक असतं आणि जो दिसतो त्याला काहीच कळत नाही.

चार फ्लॅटचा एक मजला घ्या. लिफ्टसमोर जेमतेम दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी लॉबी आणि समोरासमोर दारं. एका चौकटीवर डोम कॅमेरा बसतो. बसवणाऱ्या मुलाला मालक सांगतात, ‘पूर्ण लॉबी आली पाहिजे.’ पूर्ण लॉबी म्हणजे समोरचं दार. ते उघडलं की मोबाइलवर दिसतं ते समोरच्यांचं शू रॅक, सोफ्याचं टोक, हॉलमधला पंखा, आणि सकाळी सहा वाजता गाउनवर दुधाची पिशवी उचलायला वाकलेली त्या घरातली बाई. मोशन अलर्ट चालू असतो, त्यामुळे ती वाकली की समोरच्या काकांचा फोन वाजतो. मग एखाद्या दिवशी लिफ्टमध्ये तिच्या मुलीला विचारलं जातं, “काय गं, काल फारच उशीर झाला तुला? पावणेबारा वाजले होते.” विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असेल. पण त्या दिवसापासून ती मुलगी लिफ्टमधून बाहेर पडताना वर बघून मगच पाऊल टाकते, आणि सोडायला आलेल्या मित्राला गेटवरूनच परत पाठवते. तिने काहीही चूक केलेली नाही. स्वतःच्या दारात तिला आता कुणाच्या तरी परवानगीने वावरावं लागतं.

तिच्याहूनही जास्त वेळ कॅमेऱ्यात असणारी माणसं वेगळीच आहेत. घरकाम करणाऱ्या ताई, वॉचमन, डिलिव्हरीवाले, कचरा नेणारे, प्रेसवाले. त्यांना कुणी कधी विचारत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या बाईची क्लिप पडते, ‘हिने पिशवी नेली, कुणाकडे काम करते?’ पिशवी तिचीच होती हे कळेपर्यंत दोन घरांचं काम सुटलेलं असतं. कुणाकडे कोण येतं, पाहुणे कुठल्या जातीचे, कुठल्या धर्माचे, भाडेकरू मुलींकडे रात्री कोण थांबलं, याचा हिशेब ठेवायला हे फुटेज वापरलं जातं. चोर पकडण्यासाठी पास झालेल्या खर्चातून अशी पाळत चालते. ती बंद झाली पाहिजे.

आता दुसरी बाजू. शेजाऱ्याचा कॅमेरा घरबसल्या बघण्यासाठी फार मोठं तांत्रिक कसब लागतं, असा बहुतेकांचा समज आहे. बहुतेक वेळा काहीच लागत नाही. सोसायटीचा डीव्हीआर ऑफिसातल्या कपाटावर किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये असतो. बसवताना टेक्निशियन खालच्या स्टिकरवरचा क्यूआर कोड स्कॅन करतो, स्वतःच्या फोनवर चित्र आलं का बघतो आणि कमिटीतल्या चार-पाच जणांच्या मोबाइलमध्ये तेच ॲप टाकून देतो. युजरनेम ‘ॲडमिन’, पासवर्ड सगळ्यांना एकच, लक्षात राहावा म्हणून बिल्डिंगचं नाव आणि पुढे १२३. पुढच्या निवडणुकीत त्यातले दोघे कमिटीतून जातात, एक जण फ्लॅट विकतो, टेक्निशियन दुसरीकडे कामाला लागतो. ॲप कुणाच्याच फोनमधून जात नाही आणि पासवर्ड कुणी बदलत नाही. घरातल्या कॅमेऱ्याचंही तेच. शेजाऱ्याला कधीतरी अडीनडीला वायफायचा पासवर्ड दिलेला असतो. त्याच वायफायवर कॅमेरा असतो आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असतो.

रेकॉर्डिंगबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने समजून घ्यावी. डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं, त्यामुळे तिथलं चित्रण काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी आपोआप नाहीसं होतं. मोबाइल ॲपमधलं बटण दाबून केलेलं रेकॉर्डिंग मात्र बघणाऱ्याच्या फोनमध्ये साठतं. तिथून ते कुणाला गेलं, किती वर्षं राहिलं, याचा पत्ता डीव्हीआरच्या मालकालाही लागत नाही. म्हणून ‘आमचं फुटेज पंधरा दिवसांत पुसलं जातं’ या उत्तरावर आम्ही समाधान मानणार नाही.

हे सगळं कुठपर्यंत जातं ते आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या महिला रुग्णांच्या तपासणीचं चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघडकीस आलं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. त्या यंत्रणेचा पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ होता, असं तपासातून पुढे आलं. त्या बायका उपचारासाठी गेल्या होत्या. खोलीत कॅमेरा का होता, हा पहिला प्रश्न. तो इंटरनेटला का जोडला होता, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आम्ही शेवटपर्यंत विचारणार आहोत, कारण तीच यंत्रं आणि तसेच पासवर्ड आपल्या जिन्यात आहेत. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड लावून बघत लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास बंद पडल्या. धोका तेव्हापासून जगजाहीर आहे.

‘पासवर्डच नव्हता, मग बघितलं तर काय बिघडलं?’ असं म्हणणारे भेटतात. दार उघडं दिसलं म्हणून कुणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून बसत नाही. कायदाही तेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकीय यंत्रणेत शिरणं, त्यातला डेटा उतरवून घेणं किंवा त्याची नक्कल करणं यावर बंदी आहे. ते अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ लागतं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा परवानगी विचारतो. पासवर्ड किती सोपा होता याची चौकशी तो करत नाही. खाजगी क्षणात असलेल्या स्त्रीला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी खटल्यातला निकाल आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं.

एक आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. ‘माझी गाडी ठोकली गेली आणि ते फक्त शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात आहे, तो दाखवत नाही, मग मी काय करू?’ आधी लेखी मागा, तारीख आणि वेळ नेमकी लिहून, आणि लवकर मागा, कारण डिस्क पुसली जाणार आहे. नाही दिलं तर पोलिसांत तक्रार करा आणि त्या वेळेचं फुटेज जपून ठेवायला लावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस आणि न्यायालय ते हजर करायचा आदेश देऊ शकतात. हा रस्ता संथ आहे, त्रासाचा आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण चोरून रेकॉर्ड केलेली क्लिप ग्रुपवर टाकल्याने गाडीची भरपाई मिळत नाही, आणि त्या क्लिपमध्ये आलेल्या इतर चार जणांचं काय, याचं उत्तर टाकणाऱ्याकडे नसतं.

कायद्यात जिथे पोकळी आहे तिथे आम्हाला बदल हवा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी वापरलेल्या डेटाला सूट देतो. स्वतःच्या हॉलमधला कॅमेरा घरगुती आहे, मान्य. समोरच्याच्या दारावर रोखलेला कॅमेरा घरगुती कसा? युरोपीय संघाच्या न्यायालयाने ११ डिसेंबर २०१४ रोजी चेक प्रजासत्ताकातल्या एका घराबाबत हेच ठरवलं : घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर त्याला निव्वळ घरगुती म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायाधीशांनी शेजाऱ्याच्या डोअरबेल कॅमेऱ्याच्या खटल्यात, लांबवरचं बोलणं टिपणारा माइक चित्रापेक्षाही जास्त आक्षेपार्ह मानला. आपल्याकडे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, एकाच वास्तूत राहणाऱ्या नातेवाइकांच्या वादात, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवू नयेत असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यात हस्तक्षेप केला नाही. ही रेघ कायद्यातच स्पष्ट आखली जावी : जो कॅमेरा आपल्या उंबरठ्यापलीकडे बघतो, त्याला घरगुती सूट नाही.

नव्या कॅमेऱ्यांना ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, हे चांगलं झालं. पण आधी लावलेले कॅमेरे भिंतींवर तसेच आहेत आणि त्यांची जबाबदारी कुणीही घेतलेली नाही. ती आपण घ्यायची आहे.

म्हणून आम्ही ठरवलं आहे. आमचा कॅमेरा समोरच्याच्या दारावरून वळवू. वळवता येत नसेल तर सेटिंगमधला प्रायव्हसी मास्क लावून ते दार काळं करू. हे करायला तुमच्या टेक्निशियनला दहा मिनिटंही लागणार नाहीत. माइक बंद ठेवू. पासवर्ड आज बदलू आणि कमिटी बदलली किंवा माणूस गेला की पुन्हा बदलू. प्रत्येकाला वेगळं लॉगिन देऊ, म्हणजे कुणी कधी बघितलं हे डीव्हीआरच्या लॉगमध्ये शोधता येईल. दुसऱ्याच्या यंत्रणेत अनवधानाने शिरकाव झाला तर तिथेच थांबू, काही साठवणार नाही, आणि मालकाला त्याच दिवशी सांगू. कुणाचीही क्लिप ग्रुपवर टाकणार नाही, आणि आलेली पुढे पाठवणार नाही.

सोसायट्यांकडे आमची मागणी ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडली जाईल. कुठले कॅमेरे काय टिपतात याचा नकाशा नोटीस बोर्डावर लागावा. फुटेज कुणी, कधी, कशासाठी पाहिलं याचं रजिस्टर असावं आणि ते कुठल्याही रहिवाशाला बघता यावं. मोबाइलवरून बघण्याची सोय दोनच पदाधिकाऱ्यांकडे असावी, पायउतार होताना ती लेखी सुपूर्द व्हावी. कमिटीने विषयपत्रिकेवर घेतलं नाही तर सभासद म्हणून आम्ही स्वतः ठराव देऊ.

या जाहीरनाम्यावर सही करायला वर्गणी नाही, पण एक अट आहे : सही करण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचं चित्र समोरच्या शेजाऱ्याला आपल्याच फोनवर दाखवायचं, आणि त्यांनी नको म्हटलेला भाग झाकायचा. भाडेकरूंना सोसायटीच्या सभेत मत नसतं, घरकाम करणाऱ्या ताईंना आणि वॉचमनना तर तिथे खुर्चीही नसते. या कागदावर त्यांची सही सभासदाच्या सहीइतकीच मोजली जाईल, आणि सभेत त्यांचं म्हणणं त्यांच्या नावानिशी वाचून दाखवणं ही त्या मजल्यावरच्या सही केलेल्या सभासदाची जबाबदारी राहील.