कुरण कोणाचे, हे आधी ठरवा

पूर्व लडाखमधील चांगथांग पठारावर झाड क्वचितच दिसते. समुद्रसपाटीपासून 4 हजार मीटरहून अधिक उंचीवरील या प्रदेशाचे सुमारे 4 हजार चौरस किलोमीटर क्षेत्र 1987 मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हिमबिबट्या, लांडगा, कियांग हे रानगाढव आणि काळ्या मानेचा क्रौंच येथे आढळतात. हीच भूमी चांगपा पशुपालकांचीही आहे; पश्मिन्याची तलम लोकर त्यांच्या शेळ्यांपासून मिळते. या प्रदेशाची चर्चा होते तेव्हा ‘वन्यजीव की माणूस’ असा प्रश्न उभा केला जातो. माझ्या मते ही मांडणीच सदोष आहे.

येथे संघर्ष नाही, असे मी म्हणणार नाही. लांडगा किंवा हिमबिबट्या वाड्यात शिरला तर एका रात्रीत कुटुंबाची मोठी हानी होते. पश्मिन्याला मागणी वाढली तशा शेळ्याही वाढल्या आणि विरळ गवतावरचा भार वाढला. परंतु या संघर्षावर स्थानिकांनीच मार्ग काढल्याची उदाहरणे आहेत. लांडग्यांना पकडण्यासाठी पूर्वी ‘शांदोंग’ नावाचे दगडी सापळे बांधले जात. चुशुलच्या ग्रामस्थांनी 2018 मध्ये असे सापळे निकामी केले आणि तेथे स्तूप उभारला. हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबकमध्ये घरगुती निवासव्यवस्थेमुळे हिमबिबट्या उत्पन्नाचे साधन ठरला. देशातील पहिल्या सर्वंकष गणनेनुसार भारतात 718 हिमबिबटे आहेत; त्यांपैकी 477 एकट्या लडाखमध्ये. जेथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत आली, तेथेच हे प्राणी टिकून आहेत.

कुरणांवरचे मोठे दडपण आता बाहेरून येत आहे. 2020 च्या सीमासंघर्षानंतर प्रत्यक्ष ताबारेषेजवळील काही पारंपरिक हिवाळी कुरणांत कळप नेता येत नाहीत, अशी पशुपालकांची तक्रार आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लडाखमधील 13 गिगावॉट अक्षय ऊर्जा प्रकल्पाच्या पारेषण मार्गाला मंजुरी दिली. पांग येथून हरियाणातील कैथलपर्यंत वीज नेण्याची ही योजना सुमारे 20,774 कोटी रुपयांची आहे. सौरऊर्जेची देशाला गरज आहे, यात शंका नाही. मात्र ज्या पठारावर तावदाने उभी राहणार, ते नकाशावर ओसाड दिसत असले तरी कळपांच्या वाटेत आहे. मार्च 2024 मध्ये सोनम वांगचुक यांनी लेहमध्ये 21 दिवसांचे उपोषण केले, तेव्हा सहाव्या अनुसूचीच्या मागणीसोबत कुरणांचा हा प्रश्नही त्यांनी मांडला होता.

यावरचे एक साधन कायद्यात उपलब्ध आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. त्यातील ‘वनजमीन’ या संज्ञेत अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही येतात. त्यामुळे वृक्षहीन चांगथांगलाही तो लागू पडतो. 2019 च्या पुनर्रचनेनंतर हा कायदा लडाखपर्यंत पोहोचला, पण तो अद्याप कुरणापर्यंत उतरलेला नाही. हक्कांची नोंद आधी आणि जमिनीचे वाटप नंतर, हा क्रम पाळला गेला पाहिजे. हक्क निश्चित झाले की चराईच्या मर्यादांबाबतही चांगपांशी सन्मानाने बोलता येईल. ज्याचा अधिकारच मान्य नाही, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

खारनाकमधील अनेक कुटुंबे कळप विकून लेहजवळच्या वस्तीत स्थायिक झाली आहेत. कडाक्याचा हिवाळा, मुलांचे शिक्षण, आरोग्यसेवेचा अभाव ही त्यामागील कारणे आहेत. म्हणून फिरत्या शाळा, फिरते दवाखाने, हिवाळ्यासाठी चाऱ्याचे साठे आणि शिकारी प्राण्यांपासून सुरक्षित वाडे यांवरील खर्च हा संवर्धनाचाच खर्च मानला पाहिजे. पशुपालक निघून गेले म्हणून कुरण कियांगसाठी राखले जाईल, याची हमी कोणीही देत नाही. अशा मोकळ्या जमिनीवर पुढचा दावा प्रकल्पाचाच असेल, आणि त्या वेळी हरकत घेण्यासाठी तेथे कोणी उरलेले नसेल.