‘निर्मूलन’ या शब्दाची सोय

एखाद्या गोष्टीचा शेवट करण्यासाठी इंग्रजीत क्रियापदांचा मोठा समूह आहे आणि मराठी अनुवादात तो बहुधा ‘नष्ट करणे’, ‘रद्द करणे’ व ‘निर्मूलन करणे’ या तीन पर्यायांत जिरवला जातो. याबाबत आपल्याकडे एक तर मराठीच्या शब्ददारिद्र्याविषयी हळहळ व्यक्त होते, नाही तर अर्थच्छटा हा केवळ शैलीचा प्रश्न असल्याचा दिलासा दिला जातो. या दोन्ही भूमिका त्याज्य आहेत. पहिलीत अज्ञान आहे. दुसरी अधिक घातक, कारण तिच्यामुळे संहितेतील युक्तिवादच हरवतो.

शेवट करणारे क्रियापद केवळ कृती सांगत नाही. कोणी, कोणत्या अधिकाराने, कशाचा शेवट केला आणि मागे काय उरले, हेही ते ठरवते. ‘रिपील’ कायद्याचे होते, रोगाचे नव्हे. ‘ॲनल’ झालेला विवाह कायद्याच्या दृष्टीने झालेलाच नसतो. घटस्फोटात तो झालेला असतो आणि मग संपतो. ‘इरॅडिकेट’च्या पोटात लॅटिनमधील ‘मूळ’ आहे, ‘ॲनिहिलेट’च्या पोटात ‘निहिल’, म्हणजे शून्य. व्युत्पत्ती हाच अर्थ नव्हे, हे मान्य. पण रूपक जिवंत असते तेथे ती अर्थाला दिशा देते.

डॉ. आंबेडकरांच्या १९३६ च्या अनुच्चारित भाषणाचे उदाहरण घ्यावे. लाहोरच्या ज्या संस्थेने त्यांना अध्यक्षपद देऊ केले, तिचे नावच जात-पात-तोडक मंडळ. तोडलेल्या वस्तूचे तुकडे उरतात. मंडळाच्या वतीने संतराम यांनी डिसेंबर १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांचे जे सूत्र उद्धृत करून त्याचे स्पष्टीकरण मागितले, त्यात दोन क्रियापदे होती: जातीसाठी ‘ब्रेक’ आणि ज्या धार्मिक समजुतींवर ती उभी आहे त्यांच्यासाठी ‘ॲनिहिलेट’. दुसरी कृती घडल्यावाचून पहिली अशक्य, हा सूत्राचा सारा भार. एप्रिल १९३६ मध्ये मंडळाकडून आक्षेपाचे पत्र आले तेव्हा त्यात ‘ॲनिहिलेशन’ हाच शब्द हिंदू धर्माला लावून शेवटचा भाग अप्रस्तुत ठरवला गेला. मंडळाला तोडणे मान्य होते, शून्य करणे मान्य नव्हते. डॉ. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला, भाषण स्वतः छापले आणि ग्रंथाच्या शीर्षकात जातीलाही तेच दुसरे, कठोर नाम लावले. दोन शब्दांमधील अंतर हेच या वादाचे कारण होते; ते अंतर मिटवणारा अनुवाद वादाचा निकाल मंडळाच्या बाजूने लावतो.

‘निर्मूलन’ नेमके हे करते. ‘मूळ म्हणजे शास्त्रग्रंथ, तेव्हा शब्द चपखलच’ असा प्रतिवाद होईल. तो वरवर बिनतोड आहे. परंतु निर्मूलनात रोप उपटले जाते, जमीन जागेवर राहते. आणि येथे वाद जमिनीचाच आहे. शिवाय मलेरिया, दारिद्र्य, अंधश्रद्धा यांच्या सोबतीने या शब्दाला एक योजनेचा वास आला आहे. त्याला समिती असते, सप्ताह असतो, अहवाल असतो. (तण दरवर्षी उगवते, म्हणून खुरपणीही दरवर्षी असते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.)

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाकडे पाहावे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या तरतुदीत ‘ॲबॉलिश’ आहे, तेही अस्पृश्यतेपुरते. हे क्रियापद संस्थेची मान्यता काढून घेते. उच्चार हीच कृती. हिंदी पाठातील ‘अंत किया जाता है’ ही कृती वर्तमानकाळात करून दाखवते. मराठी पाठ मात्र अस्पृश्यता ‘नष्ट करण्यात आली आहे’ असे पूर्ण काळात सांगतो. घोषणेचे वृत्त होते, आणि वृत्त खोटे ठरू शकते. अनुच्छेदाच्या पुढच्या भागात शिक्षेची तरतूद लागते, यावरूनच जे नष्ट झाले म्हणून सांगितले ते नष्ट झाले नव्हते हे उघड होते.

मराठीपाशी शब्द नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. शरद पाटील यांनी ‘जात्यंतक’ हे विशेषण चालवले. त्यात अंत आहेच, शिवाय अंत करणारा कर्ताही आहे, जो ‘निर्मूलन’ या भाववाचक नामातून सोयीस्करपणे गळतो. ‘उच्छेद’ आहे, ‘विध्वंस’ आहे. ‘नामशेष’ आणि ‘निःशेष’ यांचा भेद तर इंग्रजीलाही इतक्या थोडक्यात साधणार नाही. नामशेष झालेल्याचे नाव उरते. आणि जात आपल्याकडे उरते ती पुष्कळदा नावातच, म्हणजे आडनावात.

ग्रंथाचे रूढ झालेले मराठी नाव बदलावे असा आग्रह नाही. पण मजकुरात जेथे मोडणे आहे तेथे मोडणे राहावे, निःशेष करणे आहे तेथे निःशेष करणे. आणि पदव्युत्तर वर्गात हा ग्रंथ शिकवताना संतराम यांनी उद्धृत केलेले ते सूत्र प्रथम फळ्यावर लिहावे, दोन्ही क्रियापदे अधोरेखित करून.