पोट वाढलं म्हणून पोरीला नावं ठेवू नका

बस्तीत एखाद्या पोरीचं पोट मोठं दिसलं की आधी कुजबुज सुरू होते, मग अंगारा-धुपारा, आणि दवाखाना सगळ्यात शेवटी. ही रीत सोडली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोट वाढण्याची कारणं अनेक. त्यातलं एक फार थोड्यांना ठाऊक असतं. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात कधी कधी पाण्याची पिशवी तयार होते. डॉक्टर तिला मेसेंटेरिक सिस्ट म्हणतात. ती बाईलाच नाही, पुरुषाला आणि लहान लेकरालाही होते. आजार दुर्मिळ आहे आणि बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो. गाठ महिनोन्‌महिने गप्प राहते. पण तिला पीळ पडला, आत रक्त साचलं किंवा आतडं अडलं तर एकाएकी जीवावर बेततं.

ही गाठ आडवी सहज सरकते, उभी फारशी सरकत नाही. ही खूण ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या फ्रेंच सर्जन तियो यांनी १८८० मध्ये अशी गाठ यशस्वीपणे काढली होती. (घरी पोट दाबून बघत बसू नका, ते डॉक्टरांचं काम.) आज सोनोग्राफीत बरंचसं कळतं, सीटी स्कॅनने खात्री वाढते.

घोळ होतो तो इथे. खूप मोठी गाठ पोटात साचलेल्या पाण्यासारखी दिसू शकते. आपल्याकडे टीबी भरपूर, म्हणून टीबीची शंका येणं चूक नाही. मात्र गोळ्या सुरू होण्याआधी “कोणत्या तपासणीवरून?” हे विचारायला लाजू नका. सुरू असलेल्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

सुईने पाणी काढून घेणं स्वस्त वाटतं. पण पिशवी आत राहते आणि पुन्हा भरते. म्हणून पिशवी पूर्ण काढणं हाच खरा इलाज. चिकटली असेल तर आतड्याचा छोटा तुकडाही काढून टोकं जोडावी लागतात. काढलेली गाठ तपासणीला पाठवलीच पाहिजे. तो रिपोर्ट मागून घ्या, जपून ठेवा.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. सरकारी रुग्णालयात सर्जरी विभागात दाखवा, रेशनकार्ड सोबत न्या आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. उलट्या होत असतील, पोट फुगून शौच-वारा बंद झाला असेल, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री न्या.