विश्रुताला सोवळं नेसवू नका

वाशीमचा इतिहास सांगायला कुणी उभा राहिला की वाकाटकांची वत्सगुल्म, म्हणजे जुन्या वाशीमची, शाखा येते, १९३९ साली गावात सापडलेला विंध्यशक्तीचा ताम्रपट येतो, अजिंठ्याचं सोळाव्या क्रमांकाचं लेणं येतं आणि ओघाओघात दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’चा आठवा उच्छ्वासही येतो. इतिहाससंशोधक मिराशींनी मांडलेलं अनुमान बऱ्याच जणांना पाठ आहे: या उच्छ्वासातला विदर्भाचा राजा पुण्यवर्मा म्हणजे वाकाटक राजा हरिषेण, आणि त्याचा ऐदी मुलगा अनंतवर्मा म्हणजे ज्याच्या हातून वत्सगुल्माचं राज्य गेलं तो. दण्डी कांचीचा, सातव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे घटना त्याच्या दोनेकशे वर्षं आधीची. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याचा काळ ठरवताना या कथेवर मोठी भिस्त ठेवली, इतर काहींनी नाकं मुरडली. ते त्यांचं ते बघतील.

एवढं सांगून वक्ता खाली बसतो. ही हकीकत सांगणारा कोण, तो किती बेरकी, आणि सांगता सांगता आपल्याला तो कसा खिशात घालतो, याबद्दल चकार शब्द नाही. वाशीमची म्हणून मिरवायची ती कथा आपण शिलालेखासारखी वाचतो. माझं भांडण इथून सुरू होतं.

सांगणारा आहे विश्रुत. राजवाहन या राजपुत्राचे पांगलेले सोबती पुन्हा भेटतात आणि ‘मी काय काय केलं’ ते एकेक जण सांगतो, असा ग्रंथाचा घाट. अपहारवर्मा चंपानगरीत घरं फोडतो. कारण काय, तर तिथले कंजूष फार माजलेत, संपत्ती टिकत नसते हे त्यांना कळायला हवं! उपहारवर्मा दुसऱ्याच्या राणीला वश करून राजाला ठार मारतो आणि स्वतःच तो राजा बनून गादीवर बसतो. मंत्रगुप्ताचे ओठ प्रेयसीच्या चाव्यांनी दुखतात, म्हणून हा पठ्ठ्या सगळी कथा प-फ-ब-भ-म टाळून सांगतो. एकालाही पश्चात्ताप नाही.

अशा ग्रंथावर आक्षेप येणारच, आणि ते आलेही. मुंबई संस्कृत ग्रंथमालेसाठी त्याची आवृत्ती सिद्ध करणारे गणेश जनार्दन आगाशे हे विद्वान. त्यांचं म्हणणं, ‘काव्यादर्श’ लिहिणारा दण्डी आणि हा दण्डी एक नव्हेत. त्यांच्या कारणांपैकी एक असं, की जो साहित्यशास्त्री ग्राम्यतेला दोष मानतो तो असलं लिहीलच कसा? वरवर बिनतोड वाटतं. पण ‘काव्यादर्श’ उघडून पाहा. तिथे दण्डी ग्राम्यतेचं उदाहरण देतो ते एका प्रियकराच्या धसमुसळ्या बोलण्याचं, आणि लगेच तीच वासना वळसा घेऊन बोलली की ती ग्राम्य राहत नाही, हेही दाखवतो. दोष बोलण्याच्या रीतीत आहे, बोललेल्या गोष्टीत नाही. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारावर दण्डीला दोषमुक्त करायचं, तोच ग्रंथ आरोप काढून घेतो. सभ्य माणसाच्या हातून असभ्य माणूस इतका हुबेहूब उतरला याचं आपल्याला अवघड वाटतं, मग आपण लेखकच दोन करतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. लोक म्हणतात, पात्रं वाईट असोत, पण ग्रंथ त्यांना शाबासकी देतो त्याचं काय? उपहारवर्म्याची कथा संपल्यावर राजवाहन हसून म्हणतो की परस्त्रीगमन खरं, कपटही खरं. पण त्यातून आईबाप बंदीतून सुटले, दुष्ट शत्रू मेला, राज्य हाती आलं, तेव्हा धर्म आणि अर्थ दोन्ही साधले. अपहारवर्म्याला तर तो चोरांचा आदिगुरू कर्णीसुत याच्याही वरचढ ठरवतो. हे आक्षेपकाचं सगळ्यात मजबूत पान आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण हा राजवाहन कोण? या सोबत्यांनी जी राज्यं, सैन्यं, सोयरिकी मिळवल्या त्या शेवटी त्याच्याच पदरात पडणार आहेत. न्यायाधीशच लाभार्थी असेल तर त्याचा निकाल लेखकाचा निकाल म्हणून कोण मानील? दण्डीने निकाल अशा माणसाच्या तोंडी घातला आहे की जरा सावध वाचकाने तिथेच थबकावं. थबकत नसेल तर दोष दण्डीचा नाही.

तिसरे लोक बचाव करणारे. मला त्यांचा राग आक्षेपकांपेक्षा जास्त येतो. ते म्हणतात, विश्रुताने कपट केलं ते अनाथ राजपुत्रासाठी. हेतू शुद्ध, सबब कृत्यही शुद्ध. आता या शुद्धतेची जरा झडती घेऊ.

विंध्याच्या रानात विहिरीच्या काठी भुकेतहानेने कासावीस झालेला आठेक वर्षांचा मुलगा विश्रुताला भेटतो. त्याचा म्हातारा रक्षक नालीजंघ विहिरीत पडलेला. विश्रुत वेलींच्या दोराने त्याला वर काढतो. मुलगा म्हणजे अनंतवर्म्याचा वारस भास्करवर्मा. त्याची आई वसुंधरा माहिष्मतीला सावत्र दीर मित्रवर्म्याच्या तावडीत आहे. विश्रुत निरोप धाडतो: पोराला वाघाने खाल्लं अशी आवई उठवा. राणीने फुलांची माळ बचनागाच्या पाण्यात भिजवावी, ‘मी पतिव्रता असेन तर ही माळ तुला तलवार होवो’ असं म्हणत ती दिराच्या छातीवर हाणावी. तो मरेल. मग तीच माळ उताऱ्याच्या पाण्यात बुचकळून मुलीच्या, मंजुवादिनीच्या, गळ्यात घालावी. मुलीला काही होणार नाही. लोक हात जोडतील.

लोक हात जोडतात. पुढे विश्रुत खेळ करणाऱ्याच्या वेषात, मंजुवादिनीवर डोळा असलेल्या प्रचंडवर्म्याला सुरीने संपवतो, आणि दुर्गेच्या देवळात मूर्तीखालच्या भुयारातून मुलाला घेऊन अवतरतो: देवीनेच वाघीण होऊन या बाळाला सांभाळलं! पुन्हा लोक हात जोडतात. राजकन्या मंजुवादिनीचा हातही विश्रुतालाच मिळतो. शुद्ध हेतूचा मोबदला घसघशीत आहे.

हा प्रसंग उपदेशात बसवून दाखवा. पातिव्रत्याचा चमत्कार आपल्या वाङ्मयात जागोजागी आहे; तो घडतो कसा हे स्वयंपाकघरात नेऊन दाखवणारा हा एक. बचनाग किती वेळ, उतारा कधी, साक्षीदार कोण, सगळं ठरवलेलं. आणि गंमत अशी की राणी खरोखरच पतिव्रता आहे. खऱ्या पातिव्रत्यालाही खोटा पुरावा उभा करावा लागतो, त्याशिवाय लोक मानत नाहीत. हे विधान दण्डी कुठेही करत नाही. विश्रुताला तर ते सुचलेलंही नाही. तो आपल्या हुशारीवर खूश आहे. सांगणाऱ्याला न दिसणारी गोष्ट वाचकाला दिसावी, ही या ग्रंथाची करामत आहे, आणि सांगणाऱ्याला सज्जन ठरवलं की ती मातीत जाते.

आणखी पुढे जा. अश्मकाच्या वसंतभानूने विदर्भ कसा पोखरला तेही विश्रुतच सांगतो. आपल्या मंत्र्याच्या मुलाला, चंद्रपालिताला, घरातून हाकलल्याचं सोंग करून अनंतवर्म्याच्या दरबारात पेरलं, राजाला व्यसनांत बुडवलं, छुप्या हस्तकांकडून सैन्याला तऱ्हातऱ्हांनी मारवलं, विषही घातलं. ऐकताना आपण चडफडतो. चार पानांनी विश्रुत सोंग, आवई आणि विष हीच सामग्री वापरतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. दोघांत फरक आहे तो ‘मी’चा. गोष्ट ज्याच्या तोंडून ऐकली त्याच्या बाजूने आपण उभे राहतो, हे आपलं आपल्याला इतक्या सहज पकडून देणारा ग्रंथ मी तरी फार पाहिलेला नाही.

शिवाय दण्डीने सगळ्यात चुरचुरीत बोलणं दिलंय ते नालायकांना. दरबारी विहारभद्र राजनीतीच्या पोथीची जी टर उडवतो ती वाचून हसू आवरत नाही: राजा सकाळी जमाखर्च ऐकत बसतो आणि ऐकवणारे तेवढ्या वेळात दुप्पट खातात; चाणक्याने अफरातफरीच्या चाळीस वाटा सांगितल्या, हे त्यांच्या हजार करतात. चंद्रपालित शिकारीची तरफदारी करतो तेव्हा पिकं खाणारी जनावरं मरतात हाही फायदा मोजतो. रोही-डुकरांनी जेरीस आणलेला आमचा शेतकरी म्हणेल, माणूस मुद्द्याचं बोलला! राज्य बुडवणारं बोलणं इतकं पटणारं असतं, हे विहारभद्राला बावळट करून दाखवता आलं नसतं.

हे जुन्या ग्रंथापुरतं नाही. भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ १९६५ साली आला तेव्हा अत्र्यांनी ‘मराठा’तून झोड उठवली. त्यातला निवेदक पोक्या जे सांगतो आणि ज्या भाषेत सांगतो ते पाध्यांचंच मत, असं धरून चाललेल्या त्या संतापात पोक्या कसा सांगतो हे पाहायला सवड नव्हती. त्याआधी दहा वर्षं पॅरिसला छापलेल्या नाबोकोव्हच्या ‘लोलिता’चा हंबर्ट तर ज्यूरीपुढे बोलल्यासारखा गोड बोलत राहतो, त्या गोडव्याखाली एका पोरीचं बालपण चिरडलं जातंय हे ज्याला ऐकू येत नाही त्याने पुस्तक वाचलंच नाही, आणि गोडवा ज्याला जाणवलाच नाही त्यानेही नाही. दोन्ही एकदम जाणवलं पाहिजे. अवघड आहे, पण कादंबरी वाचणं म्हणतात ते हेच.

वाशीमला तर हे सांगायची पाळी येऊ नये. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. ज्या गावात शब्द आणि त्याची समज यांचा विवाह झाला म्हणून आपण पाटी लावू शकतो, तिथे दण्डीचा उपयोग फक्त सनावळी जुळवायला व्हावा? मिराशींचं अनुमान उद्या खोटं ठरलं तरी आठव्या उच्छ्वासाचं काही बिघडत नाही. विश्रुत तेवढाच लबाड आणि तेवढाच वाचनीय राहतो.

तेव्हा संस्कृतच्या प्राध्यापकांना, ग्रंथालयांच्या मंडळांना एक विनंती. यंदा वाकाटकांवर व्याख्यान ठेवलंत तर एक संध्याकाळ आठव्या उच्छ्वासाच्या वाचनालाही द्या. मोरेश्वर काळ्यांची सटीप आवृत्ती आहेच. माळेचा प्रसंग गाळू नका, आणि वाचून झाल्यावर विश्रुत चांगला की वाईट याचं तात्पर्य काढून कुणाला देऊ नका. तशी सोय दण्डीनेही ठेवलेली नाही. त्याच्या हातचा ग्रंथ विश्रुताच्या कथेत मध्येच तुटतो; पुढची उत्तरपीठिका दुसऱ्या कुणीतरी जोडलेली आहे, आणि विश्रुताबद्दल राजवाहन काय म्हणाला ते दण्डीच्या शब्दांत मिळत नाही.