न कुजणारें विष आणि आपली शेतजमीन

शेतीचा सारा व्यवहार कुजण्यावर चालतो. पालापाचोळा, शेण, मूत्र, मेलेलें जनावर, जें जें काळ्या आईच्या स्वाधीन करावें तें तें कालांतरानें कुजून मातीस मिळतें आणि पिकाच्या रूपानें परत हातीं येतें. या नियमावर आपल्या वाडवडिलांनीं इतका भरंवसा ठेविला कीं, शहरांतील मैल्यासहि त्यांनीं ‘सोनखत’ असें नांव दिलें. परंतु गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत रसायनशास्त्रानें अशीं कांहीं द्रव्यें निर्माण केलीं आहेत कीं, तीं कुजतच नाहींत. त्यांविषयीं आमच्या वाचकांस सावध करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

हीं द्रव्यें म्हणजे फ्लोरीनबहुल रसायनें. शास्त्रज्ञ त्यांस ‘पीफास’ म्हणतात. कार्बन व फ्लोरीन यांचा बंध हा कार्बनाच्या एकेरी बंधांत सर्वांत बळकट होय. १९३८ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉय प्लंकेट यांस टेफ्लॉन अचानक सांपडलें, आणि पुढें या जातीचीं हजारों रसायनें तयार झालीं. त्यांतील कित्येकांस पाणीहि लागत नाहीं व तेलहि लागत नाहीं. साध्या आंचेनें तीं जळत नाहींत. जमिनींतील जंतूंस तीं सहजासहजीं पचत नाहींत. म्हणूनच न चिकटणारे तवे, न भिजणारे कपडे, तेल न शोषणारा कागद व तेलाची आग विझविणारा फेस यांत त्यांचा उपयोग झाला. कारखानदारास जो गुण वाटला, तोच जमिनीस दोष ठरला. वापरून टाकलेलें हें द्रव्य पावसाबरोबर झिरपतें, विहिरींत उतरतें, चाऱ्यांतून गाईच्या दुधांत व दुधांतून माणसाच्या रक्तांत जातें. यांतील कांहीं जाती रक्तांतून निम्म्यानें कमी होण्यासहि कित्येक वर्षें लागतात. पाणी उकळल्यानें तीं नाहींशीं होत नाहींत.

याचा परिणाम काय होतो हें अमेरिकेंतील मेन संस्थानाच्या शेतकऱ्यांस विचारावें. तेथें कित्येक वर्षें शहरांच्या व कागदगिरण्यांच्या सांडपाण्याचा गाळ खत म्हणून शेतांत पसरला जात होता. सरकारची परवानगी होती, खत स्वस्त होतें, गवत जोमदार येत होतें. २०१६ सालीं आरुंडेल गांवच्या एका गोठ्यांतील दुधांत व विहिरींत हीं रसायनें आढळलीं. मग एकामागून एक शेतें तपासलीं गेलीं आणि पिढीजात गोठे बंद पडले. ज्यांनीं गाळ स्वतः कधीं टाकिला नव्हता, केवळ जमीन विकत घेतली होती, तेहि या फेऱ्यांत सांपडले. अखेर २०२२ सालीं त्या संस्थानानें असा गाळ शेतांत टाकण्यास कायद्यानें बंदी केली व पीडित शेतकऱ्यांसाठीं सहा कोटी डॉलरांचा निधि उभारला. निधि मिळाला, परंतु जमीन पूर्ववत् झाली नाहीं. पाणी कोळशाच्या गाळणींतून गाळतां येतें; शेंकडों एकर माती कोण गाळणार?

धोक्याची पहिली हांकहि शेतकऱ्यानेंच दिली होती, हें विसरूं नये. वेस्ट व्हर्जिनियांत पार्कर्सबर्गजवळ ज्या ओढ्यावर एका शेतकऱ्याचीं गुरें पाणी पीत, त्याच्या वरच्या अंगास कारखान्याचा उकिरडा होता. गुरें मरूं लागलीं. त्यानें १९९९ सालीं दावा लाविला. त्यांतून पुढें जें प्रकरण उभें राहिलें त्यांत सुमारें ६९ हजार लोकांचें रक्त तपासण्यांत आलें, आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या मंडळानें मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग धरून सहा विकारांशीं या द्रव्याचा संभाव्य संबंध दाखविला.

‘हें सारें सातासमुद्रांपलीकडचें’ असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. इटलींतील व्हिचेंझा प्रांतांत त्रिस्सिनो येथें असा एक कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यानें सुमारें साडेतीन लाख वस्तीच्या मुलखांतील भूजल दूषित झाल्याचें २०१३ सालीं उघडकीस आलें. २०१८ सालीं कारखान्याचें दिवाळें वाजलें, आणि जून २०२५ मध्यें तेथील न्यायालयानें अकरा अधिकाऱ्यांस दोषी ठरवून कारावासाच्या शिक्षा सांगितल्या. त्याच कारखान्याची यंत्रसामुग्री २०१९ सालीं एका भारतीय उद्योगानें विकत घेतली व ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत, खेड तालुक्यांतील लोटे-परशुराम येथें आणून उभी केली. लोट्याचें सांडपाणी अखेर दाभोळच्या खाडीकडे उतरतें. येथें अपाय झाला आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आज विहिरींचें पाणी तपासून नोंद करून ठेविली नाहीं, तर उद्यां अपाय झालाच तर तो सिद्ध कसा करावयाचा?

औषधांच्या फवाऱ्याकडेहि लक्ष असावें. डेन्मार्कनें २०२५ सालीं सहा द्रव्यांवर आधारलेल्या २३ औषधांचे परवाने काढून घेतले. कारण तीं जमिनींत मोडतांना ट्रायफ्लोरोॲसेटिक आम्ल मागें राहतें व तें भूजलांत उतरतें. त्या सहांत आमच्या कापूस पिकविणाऱ्या बंधूंस ठाऊक असलेलें फ्लोनिकॅमिडहि आहे.

या रसायनांवर सरसकट बहिष्कार घालावा असें आमचें मत नाहीं. शस्त्रक्रियेच्या साधनांत व कित्येक यंत्रांत त्यांस आज तोडीचा पर्याय नाहीं. परंतु ओझोननाशक वायूंविषयींच्या १९८७ च्या माँट्रियल करारांत जो विवेक पुढें आला, तोच येथेंहि चालावा: ज्यावांचून अडतें तेथें वापर राहो, जेथें केवळ सोय आहे तेथें तो थांबो. खाऊच्या पुडीस तेल लागूं नये म्हणून पुढच्या पिढीच्या विहिरींत विष उतरावें, हा सौदा कोणत्या शहाण्या माणसानें करावा?

अमेरिकेनें २०२४ सालीं यांतील दोन मुख्य द्रव्यांसाठीं एका लिटर पाण्यांत ४ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या चौपट, इतकी बारीक मर्यादा ठरविली. आपल्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकांत त्यांचें नांवहि नाहीं. आपलें नेहमींचें मातीपरीक्षण नत्र, स्फुरद व पालाश सांगतें. या विषाविषयीं तें मुकें आहे.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. एक, शहराचा वा कारखान्याचा गाळ शेतकऱ्यास देण्यापूर्वीं त्याची या द्रव्यांसाठीं तपासणी व्हावी व तिचा दाखला लेखी मिळावा. दोन, अशा कारखान्यांभोंवतालच्या विहिरींची व मातीची तपासणी कारखानदाराच्या खर्चानें, परंतु स्वतंत्र प्रयोगशाळेकडून दरवर्षीं व्हावी, आणि तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. तीन, नुकसान झाल्यास भरपाईचा बोजा, ज्यानें नफा घेतला त्यावर पडावा.

सरकार हें करील तेव्हां करील. तोंवर आमच्या बंधूंनीं एक पथ्य अवश्य पाळावें: फुकट मिळणाऱ्या गाळाची गाडी बांधावर आली, तर ‘यांत काय आहे?’ हें आधीं विचारावें, आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत ती शेतांत रिकामी होऊं देऊं नये. चुकीचें पीक एका हंगामांत मोडून टाकतां येतें. ही चूक मात्र नातवंडांच्या सातबाऱ्यावर बसेल.