टक्का कशावर धरायचा?



मुलांना शाळेत शेकडा नफा-तोट्याची उदाहरणे असतात. मूल पाटी-वही घेऊन जवळ आले, की "मास्तरांना विचार" म्हणून त्याला वाटेला लावू नका. ही उदाहरणे आपल्याच गोठ्यातली आणि खळ्यावरची आहेत. मुलाबरोबर आपणही सोडवावीत. त्यात घरचे चार पैसे वाचतात.

पहिला नियम पाठ करून ठेवा. शेकडा नफा किंवा तोटा नेहमी खरेदीवर, म्हणजे आपल्या गुंतलेल्या पैशावर काढायचा, विक्रीवर नाही. ४,००० रुपयांची शेळी ५,००० ला विकली, तर नफा १,००० रुपये. भागायचे ४,००० ने आणि गुणायचे १०० ने. नफा शेकडा २५ झाला. ५,००० ने भागले तर २० येतील. ते चूक.

आता जरा अवघड उदाहरण घेऊ. दोन शेळ्या प्रत्येकी ६,००० रुपयांना विकल्या. एकीवर शेकडा २० नफा, दुसरीवर शेकडा २० तोटा. एकंदर काय झाले? बहुतेक जण म्हणतात, "फिटंफाट झाली." तसे नाही. नफ्यातली शेळी १०० ची १२० झाली, म्हणून तिची खरेदी ५,०००. तोट्यातली १०० ची ८० झाली, म्हणून तिची खरेदी ७,५००. गुंतले १२,५००, आले १२,०००. तोटा ५०० रुपये, म्हणजे शेकडा ४. टक्के सारखे असले तरी रकमा सारख्या नव्हत्या. म्हणून टक्क्यांची बेरीज-वजाबाकी करू नये. आधी रुपये काढावेत, मग टक्के.

दुसरा नियम खर्चाचा. पुस्तकात 'खरेदी किंमत' लिहून दिलेली असते. शेतात ती आपल्याला मांडावी लागते. समजा, एकरभर सोयाबीनला बी, खत, औषध, मशागत, मळणी आणि बाजारापर्यंतचे भाडे मिळून रोख १८,००० रुपये गेले. ६ क्विंटल माल झाला आणि ४,५०० च्या भावाने २७,००० आले. घरधनी म्हणतो, "९,००० सुटले, शेकडा ५० नफा!" पण तो स्वतः १० दिवस राबला आणि घरच्या लक्ष्मीने १० दिवस खुरपणी-काढणी केली, ते कुठे गेले? ३०० रुपये रोजाने त्याचे ६,००० होतात. खर्च झाला २४,०००, नफा ३,०००. शेकडा साडेबारा.

हा नुसता वहीतला फरक नाही. पहिल्या हिशेबावर भरवसा ठेवून घरधन्याने पुढच्या वर्षी शेजारचे एकर ५,००० रुपये खंडाने घेतले, तर त्याला वाटेल की ४,००० तरी उरतील. खरा खर्च २९,००० आणि उत्पन्न तेवढेच, २७,०००. म्हणजे २,००० तोटा, शेकडा सुमारे ७. दोघे राबणार आणि त्यांची मजुरीही पुरती सुटणार नाही. म्हणून घरच्या बाईचे दिवस हिशेबाच्या वहीत लिहा. तिच्या हातात रोज पडत नाही म्हणून तिचे काम फुकटचे ठरत नाही.

हमीभावाचेही असेच समजून घ्यावे. हमीभाव खर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याचे तत्त्व केंद्र सरकारने २०१८-१९ च्या अंदाजपत्रकात जाहीर केले. त्यासाठी रोखीचा खर्च आणि घरच्यांची मजुरी धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्यात येत नाही. २०२४-२५ साली सोयाबीनचा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला होता आणि हमीभाव ४,८९२ होता. फरक १,६३१ रुपयांचा, म्हणजे खर्चावर शेकडा ५०. पण हा देशभराचा सरासरी खर्च आहे. तुमचा खर्च जास्त असेल, तर तुमचा टक्का कमी. म्हणून वही तुमची हवी.

तिसरे उदाहरण कांद्याचे. १०० क्विंटल कांदा काढला. आज भाव १,२०० आहे, म्हणजे हाती १,२०,००० येतील. चाळीत ठेवला आणि वजनातली घट व सड मिळून शेकडा ३० गेला, तर उरला ७० क्विंटल. मग भाव किती वाढायला हवा? "शेकडा ३०" हे उत्तर चूक आहे. ३० टक्क्यांनी भाव होईल १,५६०. ७० क्विंटलचे आले १,०९,२००, म्हणजे १०,८०० रुपये कमीच. १,२०,००० ला ७० ने भागा. सुमारे १,७१५ रुपये भाव आला तर बरोबरी होईल. म्हणजे भाव शेकडा ४३ वाढायला हवा, आणि निवडाईची मजुरी त्याहून वेगळी.

मोठा कांदा, जाड मानेचा कांदा, जोडकांदा टिकत नाही, तो लवकर विकावा. नीट सुकवलेला, बारीक मानेचा, मध्यम कांदाच चाळीत भरावा. घट शेकडा २० वर आली, तर १,५०० च्या भावालाच बरोबरी होते. कांदा ठेवायचा की विकायचा, हे शेजाऱ्याकडे पाहून ठरवू नका. आपली घट किती होते ते मांडून ठरवा.

आता घरचा अभ्यास. एका बाईने ५० रुपयांप्रमाणे ४० पिल्ले घेतली. खाद्य-औषधाला ६,००० लागले. ४ पिल्ले दगावली. उरलेली २५० रुपयांप्रमाणे विकली. शेकडा नफा किती? आणि शेकडा ३५ नफा हवा असेल, तर नग कितीला विकावा?

आधी मुलांना सोडवू द्या, मग ताळा पाहा. खर्च ८,०००, विक्री ९,०००, नफा शेकडा साडेबारा. शेकडा ३५ नफ्यासाठी १०,८०० यायला हवेत, म्हणजे नग ३०० रुपये. मेलेल्या पिल्लांचा खर्च जित्या पिल्लांवरच बसतो, हे ध्यानात ठेवा.

रात्री जेवणे झाली की वही उघडा. आकडे मुलांनी मांडावेत, खर्च आईबापांनी सांगावा. मुलाचे गणित पक्के होईल आणि घराचा हिशेबही.